जुळ्या वाट्या

आगपेटीवर ‘काड्या पन्नास’ असं छापलेलं असतं आणि माणसं त्यावर विश्वास ठेवून मोकळी होतात. काड्या मोजत बसायला रिकामी दुपार लागते आणि हट्टी स्वभाव लागतो. ताईकडे निवृत्तीनंतर दुपारी रिकाम्याच होत्या आणि हट्ट तर ती जन्माला येतानाच सोबत घेऊन आली होती. तिने तीन वेगवेगळ्या दुकानांतून बारा पेट्या आणल्या, जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि सगळ्या मोजल्या. एकाही पेटीत पन्नास निघाल्या नाहीत. सरासरी त्रेचाळीस. शिवाय प्रत्येक पेटीत दोन-तीन काड्या अशा, की ज्यांच्या टोकाला मसालाच नव्हता. हे सगळं तिने आखीव कागदावर लिहिलं आणि साप्ताहिकाला पाठवून दिलं.

संपादकाला त्या आठवड्यात पाचव्या पानावर हातभर जागा भरायची होती. त्याने पत्र जसंच्या तसं छापलं. पुढच्या आठवड्यात अकरा वाचकांनी घरच्या काड्या मोजून आकडे कळवले. लोकांना भाषणांपेक्षा काड्यांत जास्त रस आहे हे संपादकाच्या लगेच लक्षात आलं, आणि ‘विकत घेऊन पाहिलं’ हे सदर सुरू झालं. त्याला आता सहा वर्षं होत आली होती.

ताईने एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळली होती. शिक्षिका नव्हे, प्रयोगशाळा सहायक. काचेच्या नळ्या धुवायच्या, द्रावणं करून ठेवायची, तराजूंची वजनं तपासायची आणि मुलींच्या वहीतली रीडिंग्ज बघून सही करायची. शिक्षिका बदलत गेल्या, ताई तिथेच. त्यामुळे विज्ञान तिला किती कळतं हा प्रश्न कुणी विचारला नाही, पण लबाडी मात्र तिला वहीचं पान उलटताक्षणी कळायची. गल्लीत तिला ‘तराजूबाई’ म्हणत. हे नाव तोंडावर घ्यायची छाती फक्त कोपऱ्यावरच्या दुकानदाराची होती, आणि तोही ती दुकानाबाहेर गेल्यावरच.

तिचे नियम ठरलेले होते. वस्तू स्वतःच्या पैशाने घ्यायची. एकाच दुकानातून घ्यायची नाही. कंपनीने काही फुकट पाठवलं तर ते पोस्टाच्या खर्चानिशी परत. वापरायची वस्तू चाळीस दिवस वापरल्याशिवाय तिच्याबद्दल चकार शब्द लिहायचा नाही. सोलाणी, गाळणी, कपड्यांचे चिमटे, टॉर्च, डब्यांची झाकणं यांनी तिच्या घरात चाळीस-चाळीस दिवसांची उमेदवारी केली होती. एका सोलाण्याबद्दल तिने लिहिलं होतं, ‘बटाट्याची साल निघते, बोटाचीही निघते. दोन्हींत फरक करण्याची या वस्तूला सवय नाही.’ ते सोलाणं महिन्याभरात दुकानांतून नाहीसं झालं.

खाण्याच्या वस्तूंची पद्धत वेगळी, आणि तिथे धाकटी लागायची.

धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण, सहा वर्षांनी लहान. जन्मभर शिवणकाम केलं, नवरा गेल्यावर मशीन आणि दोन पेट्या घेऊन ताईकडे राहायला आली. ताई जितकी करकरीत, तितकी ही मऊ. हिने शिवलेला कपडा कुणाला घट्ट झाला तर ‘कापडच आटलं बघा’ म्हणायची. गिऱ्हाईक जाड झालंय असं कधी तिच्या तोंडून निघालं नाही. स्वयंपाक तीच करायची. ताई जेवताना बोलायची नाही, फक्त शेवटी ‘मीठ बरोबर’ किंवा ‘मीठ कमी’ एवढाच निकाल द्यायची.

दर शनिवारी सकाळी अकराला चव बघायची. ताई बाहेरच्या खोलीत स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायची. धाकटी आत पाच वाट्या भरायची. चार कंपन्यांचा माल आणि वाट्या पाच, कारण चारपैकी एक माल दोन वाट्यांत असायचा. कुठल्या दोन, ते फक्त धाकटीला ठाऊक. या झाल्या जुळ्या वाट्या. ताई एकेक वाटी चाखायची, मध्ये पाण्याने चूळ भरायची आणि दहापैकी गुण आणि दोन-चार शब्द मोठ्याने सांगायची. धाकटी ते वहीत लिहायची. जुळ्या वाट्यांना एकाहून जास्त गुणांचा फरक पडला, तर जिभेचा भरवसा नाही, चाचणी रद्द. वही ताईच्या हाती सोमवारी यायची, म्हणजे आठवणीची लुडबुड नको. ‘आठवण काय, सोयीचं तेवढं सांगते. वहीत असेल ते खरं,’ असं ती म्हणायची. दुसऱ्यांची जीभ तपासणारे पुष्कळ असतात. दर शनिवारी स्वतःची जीभ तपासायची सोय करून ठेवणारी ही एकच, आणि याचा तिला मनातल्या मनात फार अभिमान होता.

त्या थंडीत ताईला चांगलाच ताप आला. आठ दिवस अंथरुणात गेले. उठल्यावर पहिल्याच शनिवारी भाजलेले शेंगदाणे होते. जुळ्यांपैकी एका वाटीला तिने सात दिले, दुसरीला तीन. धाकटी म्हणाली, “रद्द गं.” पुढच्या शनिवारी जॅम. पुन्हा रद्द. साप्ताहिकात दोन आठवडे नुसते चिमटे आणि गाळणी आली. दुसऱ्या रद्दनंतर ताई दुपारी जेवली नाही. खिडकीशी बसून म्हणाली, “जीभ गेली की काय माझी?” आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज विचारल्यासारखा येत होता, सांगितल्यासारखा नव्हता.

तिसऱ्या शनिवारी साधी बिस्किटं होती. जुळ्या जुळल्या. सोमवारी वही पाहून ताईचा जीव भांड्यात पडला. तिने स्वतःच उठून दोघींचा चहा केला.

त्यानंतर सदर पुन्हा सुरळीत चाललं. उलट पूर्वीपेक्षा बरं चाललं. पूर्वी ताई शून्य आणि एक गुण सढळ हाताने वाटायची. आता चारच्या खाली कुणी जात नव्हतं. वहीत ‘खमंग’, ‘तोंडात विरघळतं’ असले शब्द असायचे. ताई सोमवारी वाचून म्हणायची, “मी ‘खमंग’ म्हणाले?”

“म्हणालीस ना,” धाकटी सुईत दोरा ओवत उत्तर द्यायची.

म्हणाले असेन, असं म्हणून ताई लिहायला घ्यायची. वाचकांची पत्रं यायला लागली, की हल्ली तुमच्या लिखाणात गोडवा आलाय. ताईने ती पत्रं वेगळ्या फायलीत लावली. जेवताना मात्र ती हल्ली एकच तक्रार करायची, की सगळ्या कंपन्यांनी माल सपक करून टाकलाय. चहा सपक, मसाले सपक, लिंबंसुद्धा पूर्वीसारखी राहिली नाहीत. धाकटी मान खाली घालून म्हणायची, “हो, काळच तसा आलाय.”

अठरा आठवडे असे गेले.

तेव्हा चाळीस दिवसांसाठी तीन स्वस्त गॅस लायटर घरात होते. सव्विसावा दिवस होता, सकाळचे दहा वाजले होते, धाकटी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. ताईने शेगडीची कळ फिरवली आणि दुसऱ्या नंबरचा लायटर दाबायला सुरुवात केली. ठिणगी पडेना. तिने मोजत मोजत अकरा वेळा दाबला, मग वैतागून टेबलाशी येऊन बसली आणि वहीत लिहिलं, ‘दिवस २६, लायटर २, प्रयत्न ११, ज्योत नाही.’ लिहून झाल्यावर तिने कालच्या नोंदीही बघितल्या. कळ चालूच होती.

धाकटी रिकामी बादली घेऊन जिना उतरली ती दारातच थबकली. बादली टाकून ती आत धावली, कळ बंद केली, खिडक्या उघडल्या, ताईच्या दंडाला धरून तिला बाहेर गॅलरीत ओढलं.

“अगं, घर भरलंय वासाने! जिन्यापर्यंत येतोय!”

“कसला वास?” ताई म्हणाली.

ताईने धाकटीकडे नीट पाहिलं. एकतीस वर्षं मुलींचे चेहरे वाचले होते तिने. बहीण घाबरलेली होती, अगदी पांढरीफटक पडली होती. पण ताईला वास येत नाही याचं तिला नवल वाटलेलं नव्हतं.

घर मोकळं झाल्यावर ताई कामाला लागली. तिने कांदा कापला, कॉफीचा डबा उघडला, फिनेलची बाटली, डांबराच्या गोळ्या, लसूण असं सगळं टेबलावर मांडलं. डोळे मिटून एकेक नाकाशी धरलं. एकदाच्या रीडिंगला काही अर्थ नसतो, म्हणून तीनदा धरलं. कांद्याने डोळ्यांत पाणी आलं, एवढंच. फिनेल आणि कॉफी यांत तिला काही फरक कळेना.

मग तिने शनिवारची वही काढली.

पानं उलटायला तिला फार वेळ लागला नाही. पूर्वीच्या पाच वर्षांत जुळ्यांचे गुण कधी सहा आणि साडेसहा, कधी चार आणि पाच, कधी सारखे. माणसाची जीभ अशीच चालते, थोडी इकडे, थोडी तिकडे. तापानंतरच्या तिसऱ्या शनिवारपासून मात्र पाच-पाच, सात-सात, सहा-सहा. अठरा आठवडे अर्ध्या गुणाचाही फरक नाही. शाळेत एखाद्या मुलीच्या वहीत इतकं जुळलेलं दिसलं असतं, तर ताईने लाल पेन्सिलीने उभी रेघ मारून लिहिलं असतं, ‘प्रयोग केलेला नाही.’

“हे तू लिहिलंस,” ती म्हणाली.

धाकटीने नाकारलं नाही. पदराशी चाळा करत म्हणाली, “पहिल्यांदा एकदाच म्हणून केलं. तू जेवली नव्हतीस. मला वाटलं, तापातली जीभ आहे, येईल आठवड्यात ताळ्यावर. मग नाही आली. मग काय सांगायचं तुला?”

“आणि गुण?”

“तू एकाच मालाला कधी दोन, कधी सात म्हणायचीस, ताई. मी माझे घातले. खोटे नाही घातले हं, खाऊन बघून घातले.”

“चारच्या खाली एकही नाही!”

“कुणीतरी कष्टाने करतं ना ते,” धाकटी म्हणाली. “शून्य कसं द्यायचं?”

ताई दोन दिवस बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी धाकटीबरोबर नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेली, आणि त्यांनी काय ते सरळ सांगितलं. तापात वास घेणारी नस दुखावली. कदाचित भरून येईल, कदाचित नाही, या वयात भरवसा देता येत नाही. खारट, गोड, आंबट तेवढं जिभेला कळत राहील. बाकीची चव नाकाची असते, ती आता नाही.

बुधवारी सकाळी मजकूर द्यायचा असायचा. मंगळवारी दुपारी ती साप्ताहिकाच्या कचेरीत गेली. संपादकाने सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे रेलली.

“बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता. कोणाला कळलंय? लोक खूश आहेत. बहिणीलाच चाखू द्या, तुम्ही लिहा. नाहीतर ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं चार ओळींत छापतो. सन्मानाने संपेल.”

“सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या पाकिटावरचं खोटं शोधलं,” ताई म्हणाली. “माझ्या पाकिटावरचं तुम्ही छापणार?”

“आणि खरं छापलं तर पुढे तुम्ही मोजलेल्या काड्यांवर तरी कोण विश्वास ठेवील? सदर बुडेल, बाई.”

ते तिलाही माहीत होतं. शनिवारी सकाळी अकरा वाजता कुणीतरी आपली वाट बघतंय, या एका गोष्टीवर तिचा सगळा आठवडा उभा होता. त्यावर आता स्वतःच्या हाताने पाणी सोडायचं होतं.

घरी आली तेव्हा धाकटी दारातच उभी होती. संपादक काय म्हणाले ते ऐकून ती म्हणाली, “लिहायचं तर लिही. तुला लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. फक्त ‘बहिणीने’ असं नको गं लिहूस. मला रोज त्या दुकानात जावं लागतं. सगळ्यांना मी भली बाई वाटते.”

ताई टेबलाशी बसली. ‘मदतनिसाने’ लिहिलं आणि खोडलं, कारण तिच्याकडे मदतनीस कधीच नव्हता आणि ते खोटंच झालं असतं. ‘घरातल्या एका व्यक्तीने’ लिहिलं. घरात माणसं दोन. त्यातली एक लिहिणारी. दुसरी कोण हे ओळखायला वाचकाला प्रयोगशाळेची गरज नव्हती. तेही खोडलं. बहिणीला वाचवायचं तर खोटं लिहावं लागत होतं, खरं लिहायचं तर बहिणीला भर चौकात उभी करावी लागत होती. तिला बहिणीचा राग आला, आणि तो राग पुरता येईना याचाही राग आला. चिडचिड वाढली की ती वही चाळायची, तशी तिने शनिवारची वही पुन्हा उघडली.

आणि या वेळी तिला गुण दिसले नाहीत, स्वतःची सही दिसली. दर सोमवारी, प्रत्येक पानाखाली, ‘तपासले’ असं लिहून तिने सही केलेली होती. अठरा वेळा. पाच-पाच, सात-सात तिच्या डोळ्यांसमोर होते. दुसऱ्या कुणाची वही असती तर पहिल्याच आठवड्यात तिने पकडलं असतं. इथे पकडलं नाही, कारण पकडायचं नव्हतं. जॅमच्या शनिवारी जी भीती वाटली होती तिच्यावर झाकण घालायला सात-सात हे दोन आकडे पुरले होते, आणि वरून वाचकांची गोड पत्रं होती. धाकटीने फसवलं खरं. पण फसायला ताई दर सोमवारी आपणहून येऊन बसत होती.

तिला फार लाज वाटली. ती उठली नाही, तिथेच बसून लिहून काढलं. नेहमीसारखं, अलंकार न घालता.

‘गेल्या अठरा आठवड्यांत या सदरात छापलेले खाद्यपदार्थांचे गुण माझे नाहीत. तापानंतर माझं नाक गेलं आहे आणि त्याबरोबर चवही. हे मला कळू नये म्हणून माझ्या बहिणीने स्वतः चाखून गुण लिहिले. तिची जीभ चांगली आहे, हात थोडा सढळ आहे. ते गुण तिचे समजून वाचावेत आणि प्रत्येकातून दोन वजा करावेत. जुळ्या वाट्यांचे गुण अठरा वेळा तंतोतंत जुळले. असं कधीच जुळत नाही, हे मी शाळेत एकतीस वर्षं मुलींना सांगितलं. मी ते दर सोमवारी पाहिलं आणि खाली सही केली. बहिणीने मायेपोटी लपवलं. मी भीतीपोटी पाहिलं नाही. तपासायची जबाबदारी माझी होती. खाद्यपदार्थांचं परीक्षण आजपासून बंद. ज्यांनी माझ्या शब्दावर काही विकत घेतलं असेल त्यांची मी माफी मागते.’

कागद तिने धाकटीच्या शिवणयंत्रावर ठेवला. धाकटीने चष्मा लावून वाचला. ‘माझ्या बहिणीने’ या शब्दांशी तिचं बोट थांबलं, तसंच पुढे सरकत शेवटपर्यंत गेलं, आणि ती पुन्हा वर येऊन वाचू लागली.

“दोन वजा?” ती शेवटी म्हणाली. “दीड पुरे होता.”

“दोन,” ताई म्हणाली.

शुक्रवारी ते छापून आलं. दुकानदार धाकटीला पाहून गालातल्या गालात हसला, पण तेल देताना ‘हे कसं आहे, तुम्हीच सांगा’ म्हणाला. गोडवा आलाय म्हणणाऱ्या वाचकांपैकी दोघांनी साप्ताहिक घेणं बंद केलं. एका बिस्किटवाल्याने पाकिटावर ‘सात गुण’ असा शिक्का मारायला घेतला होता, त्याने फोनवर बरंच काही ऐकवलं. संपादकाने सदर अर्धं केलं. चिमटे आणि झाकणं महिन्यातून एकदा, बस. गोड पत्रांची फाईल ताईने रद्दीत दिली.

शनिवार आला. अकरा वाजता ताई सवयीने बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसली, आणि आता काही यायचं नाही हे आठवून तशीच बसून राहिली. धाकटीने तिला पाहिलं आणि तासभर आधीच पानं वाढली. बटाट्याची भाजी, गरम भात. दोघी समोरासमोर बसल्या. ताईने दोन घास खाल्ले.

“मीठ बरोबर आहे का?” धाकटीने विचारलं, आणि विचारून बसल्यावर जीभ चावली.

ताईने घास खाली ठेवला. कित्येक वर्षं याच्या उत्तराला तिला एक क्षणही लागला नव्हता.

“मीठ आहे एवढं कळतंय,” ती म्हणाली. “किती ते मला आता नक्की सांगता येत नाही. बटाटा शिजलाय. गरम आहे. बाकी मला काही येत नाही गं. तू सांग.”

धाकटीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. छान झालीय, असं म्हणायला तिचं तोंड उघडलंही होतं. ते तिने मिटलं. पुन्हा एक घास घेतला, सावकाश चावला.

“फोडणी करपलीय,” ती म्हणाली. “जरा कडवट लागतेय. मीठही चिमूटभर जास्तच आहे. मला नाही जमली आज.”

ताईने मान हलवली, तिच्यावर विश्वास ठेवला आणि जेवू लागली.